दावा जिंकला, पण वकिलाची फी गेली ती गेलीच

सदर : घर, कागद आणि कायदा



यंदाच्या गणेशोत्सवात आरती संपून प्रसादाची रांग लागली, तेव्हा एका तरुण जोडप्याने मला बाजूला बोलावले. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही त्या सदरात लिहिता ना? जरा विचारायचं होतं. आमच्यावर दावा होणार असं दिसतंय."

त्यांनी गेल्या वर्षी आपले टाउनहाऊस विकले. घेणाऱ्याच्या वकिलाचे पत्र आले आहे की, वरच्या बाथरूमची गळती तुम्हाला ठाऊक होती आणि तुम्ही ती लपवली. भरपाई द्या, आणि दाव्यापूर्वी मीडिएशनला या. मुलगा तावातावाने सांगत होता, "आम्ही काहीच लपवलेलं नाही. दावा केला तर करू दे. आम्ही जिंकणारच, आणि मग वकिलाचा सगळा खर्च त्याच्याकडून वसूल करू. या पत्राला तर मी उत्तरच देणार नाही."

मी त्याला म्हटले, "आधी मसालेभात घे आणि इथे बस. तुला माझी गोष्ट सांगतो." तीच गोष्ट, आणि तिच्यामागचा कायदा, आज आपल्या सर्वांसाठी लिहीत आहे. मी वकील नाही. आयुष्यभर इंजिनियरिंग केले. परंतु या एका विषयाची शिकवणी मला फार महाग पडली आहे, तेव्हा तिचा उपयोग दुसऱ्या कोणाला तरी व्हावा.

आमची गोष्ट

ईस्ट बेमधले आमचे जुने घर आम्ही २०१६ च्या ऑक्टोबरात विकले. एकोणीस वर्षे त्या घरात राहिलो, मुले तिथेच मोठी झाली. विकताना कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे डिस्क्लोजरचा फॉर्म भरला. एक ते चार बिऱ्हाडांचे घर विकताना मालकाला आपल्या माहितीतले दोष लिहून द्यावे लागतात. हा लेखी फॉर्म इथे १९८७ पासून लागू आहे. त्यात घराखाली पाणी साचते का, असा प्रश्न होता. आम्ही 'नाही' अशी खूण केली, आणि ते खरेच होते.

त्यानंतरचा हिवाळा आपल्याला आठवत असेल. चार-पाच वर्षांच्या दुष्काळानंतर २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत असा पाऊस कोसळला की, ओरोव्हिल धरणाच्या खालच्या वस्तीतली लाखाहून अधिक माणसे हलवावी लागली. त्याच पावसात आमच्या जुन्या घराच्या जमिनीखालच्या पोकळीत पाणी शिरले. एप्रिलमध्ये वकिलाचे पत्र आले : तुम्हाला हे ठाऊक होते, पंच्याऐंशी हजार डॉलर द्या, आणि करारात ठरल्याप्रमाणे दावा करण्यापूर्वी मीडिएशन करू.

पत्र वाचून माझे डोके फिरले. आम्हाला खोटे ठरवतात म्हणजे काय! ही म्हणाली, "अहो, दोन दिवस थांबा, कोणाला तरी विचारा." मी थांबलो नाही. त्याच रात्री दोन ओळींचे उत्तर टाइप केले : आम्ही काही लपवलेले नाही. आम्हाला मीडिएशन करायचे नाही, तुम्हाला काय करायचे ते करा. सही केली आणि सकाळी टपालात टाकले. वकील गाठला तो दाव्याचे कागद हातात पडल्यावर, ऑगस्टमध्ये.

दावा पावणेदोन वर्षे चालला. मे २०१९ मध्ये निकाल लागला. आम्हाला आधी माहिती होती याचा काहीही पुरावा नाही असे न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटले आणि दावा पूर्ण फेटाळला. त्या संध्याकाळी हिने शिरा केला. तोपर्यंत वकिलाला आम्ही अडुसष्ट हजार डॉलर दिलेले होते. धाकटीच्या कॉलेजचे पैसे त्यात गेले होते. पण करारात कलम होते की, जिंकणाऱ्याला वकिलाची फी मिळेल. त्यामुळे मी निश्चिंत होतो.

फीच्या अर्जाला समोरच्या वकिलाने जे उत्तर दाखल केले, त्याला एकच कागद जोडलेला होता. एक्झिबिट ए. माझे दोन ओळींचे पत्र, खाली माझी सही. अर्ज नामंजूर झाला. कोर्टाचा किरकोळ खर्च म्हणून सुमारे एकोणचाळीसशे डॉलर मिळाले. बाकीचे सारे गेले. आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत ते पत्र वाचून मान हलवली होती. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

आपला समज आणि इथला नियम

आपण मुलखातून येताना एक समज बरोबर आणतो : जो हरेल तो खर्च देईल. हा समज मुळात इंग्लंडचा. तिथे आजही सर्वसाधारण नियम असाच आहे की, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च भरावा. भारताच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही कलम ३५ त्याच वळणाचे आहे. प्रत्यक्षात तिकडे हाती पडणारी रक्कम बहुधा नाममात्र असते, आणि खोट्या दाव्याबद्दलच्या कलम ३५-अ ची मर्यादा तर तीन हजार रुपये आहे. पण तत्त्व तेच.

अमेरिकेत तत्त्वच निराळे आहे. इथे ज्याने त्याने आपल्या वकिलाची फी आपणच द्यायची, मग तो जिंको वा हरो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७९६ साली ही दिशा दाखवली आणि १९७५ साली अलास्काच्या तेलवाहिनीच्या खटल्यात ती पुन्हा पक्की केली. याला 'अमेरिकन रूल' म्हणतात. अपवाद मुख्यतः दोनच : एखाद्या कायद्याने फी देण्याची सोय केली असेल, किंवा दोन्ही पक्षांनी आपसातल्या करारात तसे लिहिले असेल. घराच्या विक्रीत बहुतेक वेळा हा दुसरा अपवादच उपयोगी पडतो.

म्हणजे फी परत मिळणार की नाही हे बऱ्याच अंशी तुम्ही घर विकण्याच्या दिवशीच ठरवून मोकळे होता. दहा-वीस पानांच्या करारातल्या त्या एका परिच्छेदावर, जिथे आपण रिअल्टरने बोट दाखवले तिथे आद्याक्षरे करीत सुटतो. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण म्हणतो. पण प्रतिवादी पायरी चढत नाही, त्याला ओढून नेतात. त्याने शहाणपण दाखवायचे ते आधीच, करार वाचताना आणि पहिल्या पत्राला उत्तर देताना.

करारात काय पाहावे

कॅलिफोर्नियात घरांचे बहुतेक व्यवहार रिअल्टरांच्या राज्य संघटनेच्या छापील करारावर होतात. त्यात 'अटर्नी फीज' असा परिच्छेद असतो. त्याचा मथितार्थ असा की, या करारातून घेणारा आणि विकणारा यांच्यात दावा वा लवाद उद्भवला तर जिंकणाऱ्याला हरणाऱ्याकडून वाजवी फी आणि खर्च मिळेल. तीन गोष्टी बारकाईने पाहाव्यात.

पहिली, हे कलम कोणाकोणात आहे. वर सांगितलेले कलम घेणारा आणि विकणारा यांच्यापुरते आहे. रिअल्टरशी भांडण झाले तर त्याच्याशी केलेला वेगळा करार काढून पाहावा लागतो.

दुसरी, शब्द किती रुंद आहेत. 'करार मोडल्यास' एवढेच लिहिले असेल तर फसवणुकीच्या आरोपाला ते पुरे पडेलच असे नाही. 'या करारातून किंवा विक्रीतून उद्भवणारा कोणताही दावा' असे असेल तर फसवणूक, निष्काळजीपणा हे आरोपही त्यात येऊ शकतात. घराच्या दाव्यात 'लपवले' हाच मुख्य आरोप असतो, म्हणून हा फरक मोलाचा आहे.

तिसरी, कलम एकतर्फी आहे का. बिल्डरच्या करारात 'फी बिल्डरला मिळेल' असे लिहिलेले आढळते. घाबरू नये. कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचे कलम १७१७ हे १९६८ पासून सांगते की, करारावरच्या दाव्यात असे एकतर्फी कलम दोन्ही बाजूंना सारखेच लागू पडेल. करारच झाला नव्हता असे ठरवून प्रतिवादी जिंकला तरीही त्याला फी मिळू शकते. घराच्या विक्रीवरूनच झालेल्या एका दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली असे ठरवले. करार झाल्याचे घेणाऱ्यांचे म्हणणे होते, तो झालाच नव्हता असा निकाल लागला, आणि तरी विकणाऱ्यांना फीचा हक्क मिळाला. ज्याचा विजय निर्भेळ आहे त्याला फी नाकारण्याची मुभा कोर्टाला नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे.

मीडिएशनची अट

आता माझ्या दोन ओळींकडे येतो. त्याच छापील करारात फीच्या कलमाला एक अट जोडलेली असते. दावा करण्याआधी मीडिएशनचा प्रयत्न करायचा. ज्याने तो न करता दावा ठोकला, त्याला जिंकूनही फी नाही. आणि दाव्यापूर्वी मीडिएशनची मागणी झाली असता ज्याने ती नाकारली, त्यालाही जिंकून फी नाही. ही अट नुसती शोभेची नाही. इथल्या अपील कोर्टाने २००४ साली मीडिएशन नाकारणाऱ्या विजेत्याची मोठ्या रकमेची फी रद्द केली. २००८ साली उलट प्रकार घडला : घेणारा जिंकला, पण मीडिएशन न मागताच दावा लावला होता म्हणून त्याची फी गेली.

मीडिएशन म्हणजे शरणागती नव्हे, हे मला फार उशिरा कळले. मध्यस्थ निकाल देत नाही, काही लादत नाही. तिथे झालेले बोलणे सहसा कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. मध्यस्थाची फी दोघांत वाटली जाते. एक दिवस बसायचे, ऐकायचे, पटले नाही तर एक पैसा न देता उठून यायचे. तुमचा फीचा हक्क शाबूत राहतो. आपल्याला वाटते, आपली चूक नाही तर बोलायला जायचेच कशाला. मी याला तत्त्वाचा प्रश्न केला. तत्त्व राखले गेले, निकालही बाजूने लागला, आणि अडुसष्ट हजारांचे बिल घरी राहिले.

दावा कसा संपतो, त्यावरही अवलंबून

समजा, तुम्ही मीडिएशनला गेलात, ते फिसकटले, दावा झाला, आणि सुनावणीच्या तोंडावर वादीने दावा काढून घेतला. आपल्याला वाटेल, आपणच जिंकलो. पण कलम १७१७ म्हणते की, वादीने आपणहून दावा मागे घेतला किंवा तडजोडीने दावा मिटला, तर करारावरच्या मागणीपुरता कोणीच विजेता नाही. म्हणजे तेवढी फी नाही.

इथेच ते रुंद शब्द कामाला येतात. घर घेणाऱ्यांनी विकणाऱ्यांवर केलेला असाच एक दावा सुनावणीपूर्वी मागे घेतला गेला आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ चा निकाल असा की, करारभंगाच्या मागणीवरची फी मिळणार नाही. परंतु फसवणूक, निष्काळजीपणा अशा मागण्यांविरुद्ध बचाव करायला लागलेली फी कराराचे शब्द तेवढे व्यापक असतील तर मागता येते. म्हणून समोरच्याने दावा काढून घेतल्यावर फटाके न लावता वकिलाला विचारावे : आपले कलम कोणत्या शब्दांत आहे, आणि बिलांतले किती तास कोणत्या मागणीसाठी गेले?

तडजोड करतानाही हे ध्यानात असावे. तडजोडीच्या कागदात फीबद्दल काही लिहिले नाही तर ती विसरायची. काय ते आकड्यासह त्याच कागदात लिहून घ्यावे.

फी मागण्याची रीत आणि मुदती

फी आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि मुदत चुकली तर हक्क जातो. कॅलिफोर्नियातल्या मुदती अशा :

दाव्याचे कागद प्रत्यक्ष हाती दिल्यापासून ३० दिवसांत कैफियत दाखल करायची. त्याच वेळी कोर्टाची पहिली फी साधारण ४३५ डॉलर भरावी लागते.

निकाल नोंदल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत कोर्टखर्चाची यादी द्यायची. यात कोर्टाची फी, समन्स बजावणी, साक्षींच्या जबान्यांच्या प्रती वगैरे येते. टपाल आणि टेलिफोन येत नाही. फोटोकॉपीही येत नाही, फक्त कोर्टापुढे मांडलेल्या कागदांची तेवढी येते. (आपल्या संपादकांनी याची नोंद घ्यावी!)

वकिलाच्या फीसाठी वेगळा अर्ज करायचा. साधारणपणे निकाल नोंदल्याच्या नोटिशीपासून ६० दिवस, आणि नोटीसच दिली गेली नाही तर निकाल नोंदल्यापासून १८० दिवस.

तुम्ही भरलेला आकडा कोर्ट जसाच्या तसा मान्य करत नाही. वाजवी तास गुणिले त्या भागातला वाजवी दर, असा हिशेब न्यायाधीश करतात आणि वाटल्यास कात्री लावतात. म्हणून पहिल्या दिवसापासून वकिलाकडून दर महिन्याला तपशीलवार बिल घ्यावे : कोणत्या तारखेला, कोणी, कशासाठी, किती वेळ. 'दाव्याचे काम, वीस तास' असले मोघम बिल न्यायाधीशांना रुचत नाही. आणि वकील न करता स्वतःच लढलात तर स्वतःच्या वेळेची फी या कलमाखाली मिळत नाही. माझ्या एका मित्राचा बेत तोच होता, म्हणून सांगतो.

फीचा हुकूम मिळाला तरी पैसे वसूल करणे उरतेच. यात विकणाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट आहे : हरलेल्याच्या मालकीचे निदान एक घर तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुम्हीच त्याला विकले. निकालाचा उतारा काउंटीच्या रेकॉर्डर कचेरीत नोंदवला की त्या मालमत्तेवर बोजा चढतो. पैसे लगेच मिळतील असे नाही. राहत्या घराला कायद्याने संरक्षण असते. पण घर विकताना किंवा कर्ज नव्याने घेताना हा बोजा आडवा येतो.

आणखी चार वाटा

घराचा विमा. पत्र किंवा दावा आला की त्याची प्रत त्याच आठवड्यात तुमच्या त्या वेळच्या विमा कंपनीला पाठवावी. दोष जाणूनबुजून लपवल्याचा आरोप बहुधा विम्यात बसत नाही. तरी दाव्यात आणखी काय लिहिले आहे त्यावर कंपनीने बचावाचा खर्च उचलायचा की नाही हे ठरते. उशीर करू नये, कारण कळवण्यापूर्वी झालेला खर्च कंपनी सहसा देत नाही. मी हेही सहा महिने उशिरा केले.

लेखी देकार. दिवाणी प्रक्रियेच्या कलम ९९८ खाली प्रतिवादी ठराविक रकमेचा लेखी देकार देऊ शकतो. वादीने तो ३० दिवसांत स्वीकारला नाही आणि निकालात त्याहून जास्त मिळाले नाही, तर देकारानंतरचा त्याचा स्वतःचा खर्च त्याला मिळत नाही. उलट तुमचा त्यानंतरचा खर्च त्याच्या अंगावर येतो. तज्ज्ञ साक्षीदारांची फीसुद्धा कोर्ट त्याला भरायला लावू शकते. करारात फीचे कलम असेल तर वकिलाची फीही या हिशेबात येते. थोडी रक्कम देऊ करून मोठा खर्च समोरच्याच्या दारात नेऊन ठेवण्याचे हे साधन आहे. आपली काही अंशी चूक असेल तेव्हा तर याचा विचार अवश्य करावा.

तिसऱ्याची चूक. एस्क्रो कंपनी किंवा अन्य कोणाच्या चुकीमुळे तुम्हाला दुसऱ्याशी कोर्टात लढावे लागले, तर त्या लढाईची फी चूक करणाऱ्याकडून नुकसानभरपाई म्हणून मागता येते. १९६३ साली जमिनीच्या एका व्यवहारात हे तत्त्व मान्य झाले.

खोट्या दाव्याबद्दल उलट दावा. प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो. वाट आहे, पण अरुंद. नुसते जिंकणे पुरत नाही. समोरच्याकडे दावा करण्यासारखा काही आधारच नव्हता आणि हेतू वाईट होता, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. आमच्या घरी घेणाऱ्याच्या घराखाली खरोखरच पाणी होते. त्याला राग येणे स्वाभाविक होते. तो चुकला, पण लबाड नव्हता. हे लिहायला मला काही वर्षे लागली.

मागणी लहान असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहेच. माणसाने माणसावर करायच्या दाव्याची तिथली मर्यादा आता १२,५०० डॉलर आहे. तिथे कोणाचाच वकील उभा राहत नाही, त्यामुळे फीचा प्रश्नच नाही.

इतर राज्यांतील सभासदांसाठी

आपले पत्रक आता स्थलांतर केलेल्या सभासदांकडेही जाते. त्यांनी हे आकडे आणि मुदती जशाच्या तशा धरू नयेत. टेक्सासमध्ये राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनचा जो छापील करार आहे, त्याच्या सतराव्या परिच्छेदात जिंकणाऱ्याला फी दिली आहे, आणि तिथे विजेत्यांच्या यादीत ब्रोकर आणि एस्क्रो एजंटही येतात. काही राज्यांत वकिलांनी तयार केलेले करार वापरतात आणि त्यांत फीचे कलम असतेच असे नाही. नसेल तर 'अमेरिकन रूल' : ज्याचे त्याने भरायचे. त्यामुळे सही करण्यापूर्वी प्रश्न एकच विचारायचा : वकिलाच्या फीचे कलम कुठे आहे, आणि ते कोणत्या अटीवर जाते?

कागद जपून ठेवा

घर विकले की आपण फाईल गराजमध्ये टाकतो आणि पुढल्या साफसफाईत फेकून देतो. तसे करू नये. लेखी करारावरचा दावा कॅलिफोर्नियात चार वर्षांपर्यंत करता येतो, आणि फसवणुकीची तीन वर्षे ती उघडकीला आल्यापासून मोजतात. करार, डिस्क्लोजर, तपासनिसाचा अहवाल, प्लंबरची आणि छप्परवाल्याची बिले, सारे एका खोक्यात ठेवावे. आम्ही जिंकलो ते वकिलाच्या वक्तृत्वावर नव्हे. हिने एकोणीस वर्षांची दुरुस्तीची बिले वहीत चिकटवून ठेवली होती, आणि त्यांत पाण्याचे एकही नव्हते. न्यायाधीशांनी ती वही स्वतः चाळली.

आता त्या जोडप्याचे. मसालेभात संपेपर्यंत मुलाचा पारा उतरला होता. सून म्हणाली, "काका, मी हेच म्हणत होते." (हे वाक्य माझ्या ओळखीचे आहे.) दुसऱ्या दिवशी त्यांनी करार काढला. मीडिएशनचे कलम होते, फीचेही होते. दोघे तासाभरासाठी एका वकिलाकडे गेले आणि त्याने सांगितल्याप्रमाणे पत्राला उत्तर दिले : आम्ही काही लपवलेले नाही, तथापि करारानुसार मीडिएशनला यायला तयार आहोत. तारीख पुढल्या महिन्यातली आहे. काय होईल ते होईल. ते कदाचित थोडे पैसे देतील, कदाचित काहीच देणार नाहीत, कदाचित दावाही होईल. पण जिंकले तर माझ्यासारखे रिकाम्या हाताने घरी येणार नाहीत.

त्यांचे उत्तरही दोनच ओळींचे होते. मीही दोनच ओळी लिहिल्या होत्या.

ज्यांचे घर विक्रीला निघाले आहे, किंवा नुकतेच विकले आहे, त्यांनी हे पान घराच्या कागदांबरोबर ठेवावे. प्रत्यक्ष पत्र आले तर मात्र या पानावर विसंबू नये. आपल्या राज्यातल्या वकिलाला करार दाखवावा, आणि तो दाखवून होईपर्यंत कशालाही उत्तर लिहू नये.